प्राण देणारे आणि प्राण मागणारे : ‘फायनल फँटसी’ या जपानी खेळमालेतील त्यागकथा

दुसऱ्यासाठी प्राण वेचणाऱ्या वीराची गोष्ट माणसाला फार जुन्या काळापासून प्रिय आहे. ती त्याने जात्यावर गायिली, पोवाड्यात रंगविली, मंदिरात ऐकली, पुढे पुस्तकात वाचली आणि पडद्यावर पाहिली. माध्यम बदलले की गोष्ट सांगण्याची रीत बदलते. गोष्टीची ओढ मात्र कायम राहते. आजचा तरुण हीच गोष्ट संगणकीय खेळांतून अनुभवतो आहे. तो ती नुसती ऐकत वा पाहत नाही, तर एक भूमिका घेऊन स्वतः तीत उतरतो.

पालकवर्ग या खेळांकडे संशयाने पाहतो. मुलांचे तासन् तास त्यात जातात ही तक्रार रास्तच आहे. तथापि ज्या गोष्टीपायी आपली मुले हसतात, रडतात आणि वर्षानुवर्षे वाद घालतात, ती गोष्ट कोणती हे जाणून न घेताच तिच्याविषयी मत बनविणे योग्य नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका खेळमालेचा मागोवा घेणार आहोत. जपानमधील ‘फायनल फँटसी’ या मालेचे १९८७ पासून २०२३ पर्यंत १६ मुख्य खेळ निघाले. प्रत्येक खेळाचे जग निराळे, पात्रे निराळी. पण दुसऱ्यासाठी मरणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या मालेने पुन्हा पुन्हा हाती घेतला, आणि त्याचे उत्तर काळागणिक अधिकाधिक सखोल होत गेले. तो प्रवास आम्हाला उद्बोधक वाटतो.

मुळे आणि आरंभ

भूमिका वठवून खेळण्याच्या या प्रकाराचा उगम अमेरिकेत झाला. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारसहा मित्र मेजाभोवती बसतात. एकजण कथेचा सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, जादूगार अशा भूमिका घेतात आणि फाशांच्या दानावर कथा पुढे सरकते, असे त्याचे स्वरूप होते. १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या खेळांनी हा प्रकार संगणकावर लोकप्रिय केला. तेथे सूत्रधाराची जागा यंत्राने घेतली. त्यांपासून स्फूर्ती घेऊन युजी होरी यांनी १९८६ मध्ये जपानी घराघरांतील ‘फॅमिकॉम’ या यंत्रासाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला आणि जपानमध्ये या खेळांची लाट आली.

त्याच लाटेत, १८ डिसेंबर १९८७ रोजी ‘स्क्वेअर’ या कंपनीने हिरोनोबु साकागुची यांच्या दिग्दर्शनाखाली ‘फायनल फँटसी’ बाजारात आणला. कथानक केन्जी तेरादा यांचे, चित्रे योशिताका अमानो यांची आणि संगीत नोबुओ उएमात्सु यांचे. सारा खेळ २५६ किलोबाइटच्या एका कार्ट्रिजमध्ये सामावलेला होता. आज भ्रमणध्वनीवरून पाठविलेले एक छायाचित्रही त्याहून अधिक जागा घेते! एवढ्या तुटपुंज्या जागेत कथा सांगायची म्हणजे दोनतीन वाक्यांत गावकऱ्याने दिलेली माहिती, एखादे भग्न देऊळ, एखादी अर्धवट दंतकथा यांवरच भागवावे लागे. उरलेले चित्र खेळणाऱ्याने मनात पुरे करायचे. लोककथाही असेच करीत आली आहे.

या मालेच्या दंतकथांचे भांडार जगभरातून गोळा केलेले आहे. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथातला लिव्याथान येथे समुद्रसर्प होऊन येतो. अरबी कथांतला इफ्रित अग्नीचा स्वामी होतो. उत्तर युरोपातील ओडिन घोड्यावर बसून येतो. आपल्याकडील ‘शिव’ हे नाव तेथे बर्फाच्या एका देवीला दिलेले पाहून भारतीय वाचक चकित होईल. मृतप्राय सोबत्याला लढाईत पुन्हा उठविणारे ‘फिनिक्स’ पक्ष्याचे पीस तर या मालेची खूणच बनले आहे. राखेतून पुन्हा जन्मणाऱ्या या पक्ष्याचा दाखला रोमचे संत क्लेमेंट यांनी पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात पुनरुत्थानाचे चिन्ह म्हणून दिला होता, हे आमच्या वाचकांना सांगावेसे वाटते.

पहिल्या खेळातील चार वीरांना नावेही नाहीत; ती खेळणाऱ्याने द्यायची. दोन हजार वर्षांच्या एका दुष्ट कालचक्रात जग अडकलेले असते आणि हे चौघे ते चक्र तोडतात. चक्र तुटताच त्यांचा पराक्रम इतिहासातून पुसला जातो. उरते ती केवळ दंतकथा. पुन्हा पुन्हा फिरणारे दुष्टचक्र आणि ते तोडणारे वीर, ही कल्पना वाचकांनी ध्यानी ठेवावी. चौदा वर्षांनंतर ती फार वेगळ्या तेजाने परत येणार आहे.

मरणाला अर्थ येऊ लागतो

१९८८ च्या दुसऱ्या खेळात त्यागी वीरांची रांगच लागते. मिन्वू नावाचा वैद्य-जादूगार एका महामंत्राची मोहोर तोडताना प्राण देतो. जोसेफ हा पिता घरंगळत येणारी शिळा अंगावर झेलून सोबत्यांना निसटू देतो. आपल्या पंथातील शेवटचा योद्धा रिचर्ड सम्राटाला थोपवून धरतो आणि मरतो. हे प्रसंग हृदयस्पर्शी आहेत. पण त्यामागे एक व्यवहारही होता. चमूतील चौथी जागा पाहुण्या पात्रांसाठी राखून ठेवलेली होती, आणि पुढच्याला जागा करून द्यायची तर आधीच्याने जायला हवे. कथाकाराला मरण सोयीचे होते, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

तिसरा खेळ १९९० मध्ये निघाला. तो घडत असताना साकागुची यांच्या मातोश्रींचे निधन झाले, आणि तेव्हापासून ‘जीवन’ हा विषय आपल्या मनात घोळत राहिला, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. यानंतरच्या खेळांत मृत्यूचा सूर बदललेला दिसतो.

१९९१ चा चौथा खेळ ताकाशी तोकिता यांच्या रचनेतून उभा राहिला. त्याचा नायक सेसिल हा राजाज्ञेने अत्याचार केलेला काळा सरदार आहे. त्याला प्रायश्चित्ताच्या पर्वतावर स्वतःच्याच काळ्या प्रतिमेला सामोरे जावे लागते, आणि तेथे जिंकण्याचा मार्ग एकच: शस्त्र न उगारता प्रहार सोसत राहणे. लढाईच्या खेळात ‘लढू नको’ हेच उत्तर ठेवणे, ही साधी गोष्ट नव्हे.

याच खेळात पालोम आणि पोरोम ही पाच वर्षांची जुळी भावंडे आहेत. एका किल्ल्यात दोन्ही बाजूंच्या भिंती सरकत येऊन सर्वांना चिरडणार, तेव्हा ही मुले स्वतःला पाषाण करून घेतात आणि भिंती रोखून धरतात. त्यांचा वृद्ध सोबती तेला मंत्र टाकून त्यांना पूर्ववत करू पाहतो. पण मंत्र चालत नाही. कारण? ती स्वतःच्या इच्छेने पाषाण झाली आहेत. शत्रूने केलेला दगड मंत्राने उतरतो, प्रीतीने पत्करलेला दगड उतरत नाही! पुढे हाच तेला आपल्या मुलीच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी शक्तीबाहेरचा मंत्र उच्चारतो आणि मरतो. त्याचा शत्रू मात्र जिवंत निसटतो. मुलांचे समर्पण इतरांना वाचवते, म्हाताऱ्याचा सूड कोणालाच वाचवीत नाही. ही तुलना कोणी शब्दांत मांडीत नाही, तरी ती डोळ्यांपुढे उभी राहते.

अर्थात येथेही कथाकाराचा हात कचरला. मेले असे वाटलेले बरेचसे सोबती पुढे जिवंत परततात. ती मुलेही पुन्हा माणसात येतात. १९९२ च्या पाचव्या खेळात मात्र तसे घडत नाही. गालुफ हा आजोबा आपल्या नातीला वाचविण्यासाठी एकटाच शत्रूशी झुंजतो. प्राणशक्तीचा आकडा शून्यावर आला तरी उभा राहतो. तो कोसळल्यावर सोबती एकामागून एक सारे उपचार करून पाहतात, फिनिक्सचे पीसही वापरतात. काहीच उपयोगी पडत नाही. मग त्याची नात क्रिल त्याचा वारसा घेऊन त्याच्या जागी उभी राहते.

खेळणाऱ्याचा वाटा

पुस्तक वाचणाऱ्याला नायकाचे मरण टाळता येत नाही. खेळात मात्र कधीकधी ते खेळणाऱ्याच्या हाती असते. १९९४ च्या सहाव्या खेळात शॅडो नावाचा एक एकलकोंडा भाडोत्री मारेकरी आहे. कोसळणाऱ्या एका भूखंडावर तो खलनायकाला अडवून धरतो आणि इतरांना पळून जायला सांगतो. घड्याळ उलटे धावत असते, विमान समोर तयार असते. खेळणाऱ्याने लगेच उडी घेतली तर शॅडो कायमचा जातो. शेवटचे काही क्षण उरेपर्यंत जो धीर धरून थांबेल, त्याच्याजवळ तो धापा टाकीत पोहोचतो. पहिल्या वेळी बहुतेक जण उडी घेतात, आणि पुढे कोणीतरी सांगितल्यावर त्यांना कळते की थांबता आले असते. इतरांनी स्वीकारलेले मरण आपल्या उतावळेपणाने कसे अटळ होते, याचा याहून नेमका धडा आम्हाला कोठे आढळला नाही.

३१ जानेवारी १९९७ रोजी निघालेल्या सातव्या खेळाने या मालेला जगभर नेले. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. तीन तबकड्यांत भरलेल्या या खेळाच्या पहिल्या तबकडीच्या अखेरीस एरिथ ही फुले विकणारी मुलगी जगाच्या रक्षणासाठी एकटीच प्रार्थनेला बसते, आणि पाठीमागून आलेल्या तलवारीने तिचा अंत होतो. नायकाच्या मिठीत लांबलचक निरोप नाही, वीरश्रीची भाषणे नाहीत. मृत्यू हा खऱ्या आयुष्यात असाच अवचित येतो आणि मागे पोकळी ठेवतो, तेच दाखवायचे होते, असे दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी नंतर सांगितले. तिच्यासाठी उएमात्सु यांनी रचलेली धून पुढची लढाई सुरू झाली तरी थांबत नाही. तिला परत आणण्याची एखादी गुप्त वाट असेल या आशेने खेळणारे अनेक वर्षे शोध घेत राहिले. तशी वाट नव्हतीच. मात्र तिची प्रार्थना तिच्यामागे जिवंत राहते आणि कथेच्या अखेरीस फळाला येते.

प्राण मागणारे धर्मपीठ

येथवर त्याग करणारा थोर, आणि त्याग म्हणजे उत्तम, एवढे गृहीत होते. १९ जुलै २००१ रोजी प्रसिद्ध झालेल्या दहाव्या खेळाने ते गृहीतच तपासायला घेतले. त्याचे कथानक काझुशिगे नोजिमा यांचे. त्यातील स्पिरा नावाच्या जगात एक महाकाय राक्षस गावेच्या गावे उद्ध्वस्त करतो. त्याचे नाव ‘सिन’, म्हणजे इंग्रजी भाषेत पाप. तेथील ‘येवोन’ हे धर्मपीठ शिकविते की हा राक्षस माणसांच्या जुन्या उन्मादाची शिक्षा आहे आणि पुरते प्रायश्चित्त झाले की तो नाहीसा होईल. तोवर एकच उपाय: शक्तींचे आवाहन करणाऱ्या साधकाने देवळामागून देऊळ करीत यात्रा करायची, अखेरच्या पुण्यस्थानी अंतिम शक्ती मिळवायची, तिच्या बळावर राक्षसाला मारायचे आणि त्याच क्षणी स्वतः मरायचे. मग काही वर्षे शांतता. नंतर राक्षस पुन्हा जन्मतो, पुन्हा नवा साधक निघतो.

सतरा वर्षांची युना ही अशीच एक साधक. तिच्या वडिलांनी दहा वर्षांपूर्वी याच मार्गाने प्राण दिलेले असतात. गावोगावचे लोक तिला आशीर्वाद देतात, तिच्या पाया पडतात. तीही हसतमुख असते. ती मरायला चालली आहे, हे तिच्याबरोबरच्या टीडस या परक्या मुलाला सोडून सर्वांना ठाऊक असते. अल बेद नावाची एक तुच्छ लेखलेली जमात साधकांना पळवून नेते, म्हणून सारे तिचा द्वेष करतात. पुढे कळते की त्यांना या मुलामुलींना मरणापासून वाचवायचे होते. या जमातीची भाषा खेळणाऱ्याला २६ छोट्या पुस्तिका शोधून एकेक अक्षर करीत शिकावी लागते. ज्यांचे म्हणणे कोणी ऐकत नाही त्यांची भाषा आधी शिका, असेच जणू खेळ बजावतो.

यात्रेच्या अखेरीस सत्य बाहेर येते. अंतिम शक्ती होण्यासाठी साधकाच्या एका जिवलग रक्षकालाही स्वतःचे बळी जाणे भाग असते, आणि राक्षसाला मारल्यावर तीच शक्ती पुढचा राक्षस बनते! म्हणजे ज्या बलिदानाने दुष्टता संपायची, त्याच बलिदानातून ती पुन्हा जन्म घेते. धर्मपीठाचा सर्वोच्च अधिकारी तर केव्हाच मेलेला असून मृतावस्थेतच गादीवर बसलेला आहे. लोकांना निषिद्ध ठरविलेली यंत्रे हेच धर्मपीठ गुपचूप वापरते. युना हे खोटे सांत्वन नाकारते. ती आणि तिचे सोबती त्या चक्राच्या मुळाशीच जाऊन ते तोडतात. त्याची किंमत टीडस देतो. तो थकलेल्या आत्म्यांच्या स्वप्नातून घडलेला असतो. स्वप्न संपले की तोही संपणार, हे त्याला आधी सांगितलेले असते. तो जाणूनबुजून पुढे जातो आणि विरून जातो. या वेळी राक्षस परतत नाही.

धर्मगुरू या नात्याने ही कथा आम्हाला बोचते, आणि बोचावीच. ती धर्मविरोधी आहे असे काही जण म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. हिन्नोमच्या खोऱ्यात लोक आपली लेकरे अग्नीत होमीत असत, तेव्हा परमेश्वराने असे कधी मागितले नाही, ते त्याच्या मनातही आले नाही, असे यिर्मया संदेष्ट्याने कठोर शब्दांत सांगितले होते. राष्ट्र वाचविण्यासाठी एका माणसाने मरावे हे सोयीचे, हा हिशेब योहानाच्या शुभवर्तमानात प्रमुख याजक कयफा मांडतो. त्याच शुभवर्तमानात प्रभू येशू आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण तो आपण होऊन देतो, असे स्पष्ट करतो. मरण एकच, पण कयफाचा हिशेब आणि ख्रिस्ताचे दान यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. येवोनचे धर्मपीठ कयफाच्या भाषेत बोलते.

जपान म्हटले की आमच्या वाचकांना वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आठवतील. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या २६ जणांना क्रुसावर देहदंड झाला त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांचा प्राण ख्रिस्तसभेने मागितला नव्हता, तो सत्ताधीशांनी घेतला. त्यांनी मरणाचा शोध घेतला नाही. श्रद्धा सोडण्याचे मात्र नाकारले. रक्तसाक्ष आणि नरबळी यांतील सीमारेषा हीच.

बाजार, आणि एक प्रौढ निरोप

इतिहास लिहायचा तर उणी बाजूही नोंदवली पाहिजे. खपलेल्या कथेला बाजार स्वस्थ बसू देत नाही. २००३ मध्ये दहाव्या खेळाचा उत्तरार्ध निघाला आणि त्यात काही अटी पुऱ्या करणाऱ्याला टीडस परत मिळण्याची सोय ठेवली गेली. सातव्या खेळाची नवी आवृत्ती २०२० पासून भागाभागाने निघू लागली. तिच्या २०२४ च्या भागात एरिथच्या मृत्यूचा प्रसंग संदिग्ध करून मांडला गेला. जे दान परत घेता येते ते दान कसले, असा प्रश्न येथे पडतो.

तरीही २९ नोव्हेंबर २०१६ रोजी निघालेल्या पंधराव्या खेळात हाजिमे ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रौढ निरोप लिहिला. जगावर पसरलेला अंधार हटविण्यासाठी राजपुत्र नोक्टिसने मरावे, असे त्याच्या बालपणीच विधिलिखित ठरलेले असते. हे कळल्यावर तो दहा वर्षांनी परततो, तीन मित्रांबरोबर शेकोटीभोवती शेवटची रात्र घालवितो आणि हे आपल्याला किती जड जात आहे हे त्यांच्यापासून लपवीत नाही. निघण्यापूर्वी साऱ्या प्रवासात मित्राने टिपलेल्या छायाचित्रांतून एक त्याने सोबत न्यायचे असते. ते कोणते, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. येथे वीराला भीती आहे, मित्रांचा लोभ आहे, जगण्याची आस आहे. गेथशेमानी बागेतील रात्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात परके काही वाटणार नाही.

अशा रीतीने कथाकाराच्या सोयीसाठी येणाऱ्या मरणापासून ही माला एका गंभीर प्रश्नापर्यंत येऊन पोहोचली: हा प्राण मागितला कोणी, आणि तो दिल्याने काय संपले? हा प्रश्न केवळ खेळातल्या राक्षसांपुरता नाही. कित्येक कुटुंबांत थोरल्या मुलीने शिक्षण सोडायचे, एका भावाने घरासाठी परदेशी राबत राहायचे, सुनेने मुकाट सोसायचे, आणि इतरांनी त्यांच्या त्यागाचे गोडवे गायचे, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालते. त्या त्यागाने घरातले दारूचे व्यसन सुटत नाही, कर्ज फिटत नाही, भांडण मिटत नाही. काही काळ शांतता लाभते आणि मग पुढच्या पिढीतील कोणाची तरी पाळी येते. अशा वेळी त्या मुलीला ‘धन्य तू’ म्हणणे सोपे असते. तिच्याकडून हे मागणारे चक्र तोडण्यासाठी कुटुंबाने एकत्र बसणे अवघड असते. प्रीतीने, सत्य जाणून आणि मोकळ्या मनाने दिलेले दान पवित्रच आहे. दुसऱ्याच्या आयुष्याची किंमत आपण ठरवायची आणि त्याला त्याग म्हणायचे, हे मात्र पवित्र नव्हे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलांच्या खेळाच्या वेळेला मर्यादा अवश्य घाला. पण एखाद्या संध्याकाळी रोझरीनंतर त्यांना त्यांच्या खेळातल्या वीराची गोष्ट सांगायला लावा. त्याचा प्राण कोणी मागितला, आणि त्याला नाही म्हणण्याची मुभा होती का, हेही विचारा. उत्तरे ऐकून घेताना घरातल्या कोणाची आठवण झाली, तर त्या माणसाशीही त्याच आठवड्यात बोला.